उरलेले २३१ तास

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचं वेळापत्रक कधी बघितलंय का? नसेल तर एकदा बघाच. शंभरावर देशांची शाळकरी पोरं एका गावात गोळा होतात, प्रत्येक देशाची जास्तीत जास्त सहा. मुक्काम साधारण दहा दिवसांचा. आणि त्यात गणिताचा पेपर किती? दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन गणितं. म्हणजे एकूण सहा गणितं आणि नऊ तास. संपलं!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असे आकडे दिसले की आधी 'युटिलायझेशन' काढायची खोड असते. दहा दिवसांचे २४० तास, त्यातले कामाचे ९. पावणेचार टक्के. एखादा सर्व्हर असा चालला तर मॅनेजर तो दुसऱ्या दिवशी बंद करायला लावेल.

मग उरलेल्या २३१ तासांत ही पोरं करतात काय? झोप आणि जेवण सोडा. टेबल टेनिस खेळतात, बसमध्ये बसून गाव बघायला जातात, मोडक्यातोडक्या इंग्रजीत 'तुझं तिसरं सुटलं का?' असं एकमेकांना विचारतात. तिकडे मोठी माणसं त्यांचे पेपर तपासत असतात. या स्पर्धांचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो तसतसं मला वाटायला लागलं की खरी गोष्ट त्या नऊ तासांत नाहीच. ती या २३१ तासांत आहे, आणि तिथवर पोचायच्या प्रवासात आहे. कोण पोचतं, कोणाबरोबर पोचतं, पोचल्यावर कोण भेटतं. मी मूळचा जालन्याचा, त्यामुळे 'पोचणं' या शब्दाला माझ्या लेखी जरा जास्तच वजन आहे. जालन्याकडे येतोच, पण सुरुवात कोकणातून करू.

सन १८७५. दापोली तालुक्यातलं मुरूड. धोंडो केशव कर्वे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला एका सरकारी परीक्षेला बसायचं होतं. परीक्षा साताऱ्याला. अंतर शंभर मैलांहून जास्त, मध्ये अख्खा सह्याद्री, आणि पाऊस नुसता कोसळतोय. हा मुलगा आणि त्याचे सोबती चालत निघाले आणि चार दिवसांत साताऱ्याला पोचले. तिथल्या समितीने त्याच्याकडे बघितलं. मुलगा अंगाने किरकोळ. हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही, असं ठरवून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही! आला तसा परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा तो पास झाला.

ही गणिताची स्पर्धा नव्हती, मान्य. पण हाच मुलगा पुढे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागला, म्हणून आपल्या गोष्टीत त्याला जागा आहे. (महर्षी कर्वे म्हटलं की आपल्याला स्त्रीशिक्षण आठवतं. ते पेशाने गणिताचे प्राध्यापक होते हे बहुतेकांना माहीत नसतं.) आणि दुसरं कारण म्हणजे त्यांच्या नात्यातला, मुरूडजवळच्याच मुर्डी गावचा एक मुलगा. कर्व्यांनी त्याला शिकायला मुंबईला नेलं. त्याचं नाव रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

परांजपे १८९६ मध्ये सरकारी स्कॉलरशिप मिळवून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. तिथली 'मॅथेमॅटिकल ट्रायपॉस' ही परीक्षा म्हणजे त्या काळातली जगातली सगळ्यात गाजलेली गणिताची स्पर्धाच. परीक्षा म्हणायचं ते नावाला, कारण नुसतं पास-नापास नव्हतं. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांचा क्रम लागायचा आणि तो सिनेट हाउसमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे. पहिल्या वर्गात आले ते 'रँग्लर'. त्यातला पहिला तो 'सीनियर रँग्लर'. ऑनर्सच्या यादीत अगदी तळाला येणाऱ्याला त्याचे मित्र लाकडी चमचा भेट द्यायचे. 'रँगल' म्हणजे वाद घालणं. लेखी परीक्षा येण्याआधी तिथे तोंडी वादविवाद चालत, त्यावरून हे नाव पडलं. घोड्यांच्या शर्यतीसाठी ट्रेनर ठेवतात तसे या परीक्षेसाठी खाजगी कोच असत. क्लासेसचं फॅड आपण काढलं असं कोणी म्हणालं तर त्याला खुशाल केंब्रिजचा पत्ता द्या.

१८९६ साल मुद्दाम लक्षात ठेवा. त्याच उन्हाळ्यात रणजितसिंहजींनी इंग्लंडकडून पहिली टेस्ट खेळताना मँचेस्टरला ६२ आणि नाबाद १५४ काढले होते. म्हणजे सामान्य इंग्रज माणसाला 'हुशार हिंदी माणूस' माहीत होता तो बॅट हातात असलेला. गणितात कोणी हिंदी माणूस सगळ्यांच्या वर येईल असं त्यांच्या ध्यानीमनी नसावं. १८९९ साली यादी वाचली गेली तेव्हा सीनियर रँग्लरच्या जागी दोन नावं होती, बर्टविसल आणि परांजपे. दोघांना बरोबरीने पहिला नंबर. हा मान मिळवणारे परांजपे पहिलेच भारतीय.

महाराष्ट्राला याचं इतकं कौतुक झालं की 'रँग्लर' ही पदवी न राहता नावाचाच भाग झाली. रँग्लर परांजपे, मग रँग्लर महाजनी, मग रँग्लर नारळीकर (विष्णु वासुदेव; जयंतराव त्यांचे चिरंजीव, आणि तेही केंब्रिजला १९५९ साली पहिले आले). अर्थ माहीत नसलेल्या आजीबाईसुद्धा 'रँग्लर' म्हणताना आवाज जरा खाली आणायच्या.

पण या सगळ्या कौतुकात एक गोष्ट राहून जाते. ट्रायपॉस ही एकट्याची स्पर्धा होती. तुमचा शेजारी हा तुमचा मित्र नव्हे, तो तुमच्या वरचा किंवा खालचा नंबर. १८९८ साली चौथ्या आलेल्या जी. एच. हार्डीला (हो, तोच, रामानुजनवाला) या प्रकाराचा पुढे इतका तिटकारा आला की ही क्रमवारी बंद करा म्हणणाऱ्यांत तो आघाडीवर होता. १९०९ नंतर ती बंद झालीसुद्धा.

आणि या यादीत कोण नसायचं तेही बघायला हवं. १८९० साली फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीला सगळ्यात जास्त मार्क मिळाले. पण मुलींना क्रमांक नव्हता. त्यांची यादी वेगळी वाचायचे आणि कोणत्या दोन मुलांच्या मध्ये ही आली असती ते सांगायचे. तिच्या नावापुढे वाचलं गेलं, 'सीनियर रँग्लरच्या वर'. म्हणजे पहिल्याच्याही वर, पण पहिली नाही! आणि पदवी? केंब्रिजने मुलींना पूर्ण पदव्या द्यायला सुरुवात केली १९४८ साली. असो. याच्याकडे परत यायचं आहे.

*

केंब्रिजमध्ये क्रमवारी लागत होती त्याच काळात हंगेरीत एक वेगळाच प्रकार सुरू झाला. ग्योर नावाच्या गावातले शिक्षक दानिएल अरानी यांनी १८९४ साली शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं. दर महिन्याला गणितं छापायची, मुलांनी पोस्टाने उत्तरं पाठवायची, चांगलं उत्तर मुलाच्या नावासकट छापायचं. पुढे तर उत्तम सोडवणाऱ्यांचे फोटोही छापायला लागले. त्याच वर्षी हंगेरीत शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी देशपातळीवरची गणित स्पर्धाही सुरू झाली.

आता विचार करा. आडगावातला एक मुलगा आहे. त्याला गणिताचं वेड आहे आणि आसपासच्या कोणाला त्याचं काही पडलेलं नाही. महिन्यातून एकदा मासिक येतं आणि त्यात त्याच्यासारखीच वीस-पंचवीस नावं असतात. पॉल एर्डिश आणि पॉल तुरान या दोन मोठ्या गणितज्ञांची नावं अशीच या मासिकात शाळकरी वयात शेजारी शेजारी आली होती. दोस्ती पुढे जन्मभर टिकली. तीच मंडळी १९३० च्या दशकात बुडापेस्टच्या बागेत एका पुतळ्यापाशी जमून गणितं घालायची. एका मुलीने, एस्थर क्लाइनने, भूमितीचा एक प्रश्न काढला. त्याच्यावर डोकं खपवणाऱ्या जॉर्ज सेकेरेशशी तिचं १९३७ मध्ये लग्न झालं, म्हणून एर्डिशने त्या प्रश्नाचं नावच 'हॅपी एंडिंग प्रॉब्लेम' ठेवून टाकलं. मॅट्रिमोनी साइटवाल्यांनी नोंद घ्यावी.

आपल्याकडेही पोस्टाने चालणारं गणित होतं बरं का. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी पुढे 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी' झालेली संस्था काढली. हेतू अगदी साधा. परदेशी जर्नल्स एकट्यादुकट्याला परवडत नाहीत, मग वर्गणी काढून मागवू आणि पोस्टाने एकमेकांकडे फिरवू. या फिरत्या लायब्ररीचं ठाणं बरीच वर्षं होतं पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. तिथले प्रिन्सिपल कोण? रँग्लर परांजपे. केंब्रिजला पहिले येऊन ते परत आले होते आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या तुटपुंज्या पगारावर शिकवत होते. याच सोसायटीच्या जर्नलमध्ये १९११ साली रामानुजनचा पहिला लेख छापून आला.

परांजप्यांच्या नावाने फर्ग्युसनमध्ये गणिताचं एक बक्षीसही होतं. १९२७ साली ते मिळालं द. रा. कापरेकरांना, ज्यांच्या ६१७४ या आकड्याची गंमत तुमच्यापैकी अनेकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचली असेल. (कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो.) कापरेकर जन्मभर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. त्यांच्या 'करमणुकीच्या' गणिताला इथले विद्वान हसायचे, तरी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी आपला ६१७४ मांडलाच. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं आणि मग जग विचारायला लागलं, हे देवळाली कुठे आलं?

हे सगळं कशासाठी सांगतोय? गणित एकट्याने सुटतं, पण एकट्याने टिकत नाही. म्हणून लोक मासिकं काढतात, लायब्ऱ्या फिरवतात, पदरचे पैसे घालून परिषदांना जातात.

१९५९ साली रुमानियाने पहिलं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड भरवलं तेव्हा सात देश आले, सगळे पूर्व युरोपातले कम्युनिस्ट देश. मुलं ५२. अमेरिका आली ती १९७४ साली, आणि तेही पूर्व जर्मनीत! शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्हीकडची पोरं एकाच मेसमध्ये जेवत होती. भारताचा सहा जणांचा संघ पहिल्यांदा गेला जुलै १९८९ मध्ये, पश्चिम जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला. हे गाउसचं जन्मगाव. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. आणि १९९६ साली ऑलिंपियाड आपल्या मुंबईत झालं, ७५ देश, ४२४ मुलं. १९९४ च्या ऑलिंपियाडला इराणच्या संघात मरियम मिर्झाखानी होती. पुढे २०१४ मध्ये फील्ड्स मेडल मिळवणारी पहिली स्त्री झाली, तीच. पण हाँगकाँगला ती एकटी गेली नव्हती. तिची शाळेतली मैत्रीण रोया बेहेश्ती त्याच संघात होती. इराणच्या संघात मुली जायची ती पहिलीच वेळ, आणि गेल्या त्या दोघी मिळून. हे 'दोघी' फार महत्त्वाचं आहे.

*

आता जालना.

आमच्या जिल्ह्यातून लहान वयात घर सोडून निघालेला सगळ्यात प्रसिद्ध मुलगा म्हणजे जांबचे नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजे समर्थ रामदास. लग्नात 'सावधान' ऐकलं आणि थेट नाशिक गाठलं अशी कथा सांगतात. स्पर्धेला चालले नव्हते, पण बाहेर पडले की पश्चिमेला जायचं ही दिशा त्यांनी घालून दिली म्हणायची.

मधल्या काळात मात्र ही दिशा बदलली. जालना निजामाच्या राज्यात होतं. परांजपे केंब्रिजला पहिले आले त्या सुमारास, १९०० च्या आसपास, हैदराबाद-मनमाड मीटरगेज रेल्वे जालन्यावरून गेली. हुशार पोरगा त्या गाडीने पूर्वेला हैदराबादला जायचा. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, शिक्षण उर्दूत. घरी मराठी, पेठेत मारवाडी आणि दखनी, परीक्षेत उर्दू! १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठ झालं आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. रूळ तेच, पण पोरांच्या गाडीने तोंड फिरवलं. आता परीक्षा, स्पर्धा, क्लास, सगळं पश्चिमेला. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. रूळ मात्र १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिले. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरा, ट्रंका घ्या, पूल चढा, ब्रॉडगेजच्या गाडीत घुसा.

माझे वडील मोंढ्यात एका अडत दुकानात मुनीम होते. जालन्याला 'सोने का पालना' म्हणतात. सोनं आमच्या दुकानमालकाकडे होतं, आमच्याकडे पालना. पण वडील तोंडी हिशेब असा करायचे की कॅल्क्युलेटर लाजावा. मी दहावीला असताना, १९९४ च्या हिवाळ्यात, आमच्या गणिताच्या सरांना रीजनल ऑलिंपियाडची माहिती कळली. त्यांनी पुण्याचं केंद्र निवडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "परीक्षा काय कुठंबी देता येते. पुण्यात अप्पा बळवंत चौक आहे."

सरांनी वर्गातली दोन नावं काढली होती. एक माझं आणि एक आमच्याच वर्गातल्या मुलीचं. भूमितीत ती माझ्या फार पुढे. मी समीकरणं मांडत बसायचो तोवर ती एक रेघ ओढून मोकळी व्हायची. तिच्या घरी सर स्वतः विचारायला गेले. घरच्यांचं म्हणणं वाईट नव्हतं, तिच्या आजोबांनी सरांना चहा पाजला आणि एवढंच विचारलं, "गुरुजी, रात्रीची गाडी, परक्या गावात मुक्काम. सोबतीला बाईमाणूस कोण?" सरांकडे उत्तर नव्हतं. विषय संपला.

मी आणि सर रातराणीने निघालो. औरंगाबाद, नेवासा फाटा, नगर, शिरूर. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिलेली, सरांच्या पिशवीत त्यांच्या पुण्याच्या मित्रासाठी मोसंब्या. रात्रभर बसची खिडकी खडखडत होती आणि सर विगमन पद्धत समजावून सांगत होते. शेजारच्या सीटवरचे एक काका नेवाशापर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, पोराला जरा झोपू द्या." मराठवाड्यातून पुण्याला पहाटे पोचलेल्या कोणालाही ती शिवाजीनगरच्या स्टँडवरची थंडी आठवत असेल.

केंद्रावर गेलो तर सगळ्यांची सगळ्यांशी ओळख आहे असं वाटत होतं. एका मुलाने मला विचारलं, "तू कुठल्या क्लासचा?" मी म्हणालो, "दहावी ब." ते हसले. वाईट नव्हते हसले, पण हसले. आमच्याकडे क्लास म्हणजे इयत्ता, त्यांच्याकडे क्लास म्हणजे ऑलिंपियाडची तयारी करून घेणारे सर. पुण्यात अशी माणसं होती, वर्षानुवर्षं होती. भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली काढलेली. आम्हाला हे कोण सांगणार? मी "कामून?" म्हणालो की ते "म्हणजे?" म्हणायचे, ते 'मॉड्युलो' म्हणाले की मी "म्हणजे?" म्हणायचो. अर्ध्या तासात हिशेब बरोबरीत सुटला. मॉड्युलो म्हणजे घड्याळाचं गणित, दहा वाजल्यावर पाच तासांनी तीन वाजतात ते. हे तर वडील रोज करायचे!

पेपर इंग्रजीत होता. माझी दोन गणितं पुरी झाली, एक अर्धं. खरी मजा नंतर आली. सर मित्राला भेटायला गेले होते, म्हणून मी पायरीवर बसलो. हळूहळू सहा जण जमलो. दोघं पुण्याचे, एक साताऱ्याचा, एक बारामतीकडचा, नगरची एक मुलगी (तिचे वडील लांब झाडाखाली पेपर वाचत बसले होते) आणि मी. दशम्या बाहेर निघाल्या. आणि त्या नगरच्या मुलीने एक गणित घातलं: कोणतीही सहा माणसं घ्या, त्यांत तिघं तरी असे सापडतील की ते एकमेकांना ओळखतात, किंवा तिघं तरी असे की त्यातलं कोणीच कोणाला ओळखत नाही. सिद्ध करा.

हे गणित हंगेरीच्या १९४७ च्या स्पर्धेत विचारलेलं होतं, हे मला फार नंतर कळलं. सुटतं अगदी सोपं. एक माणूस घ्या, समजा मी. उरलेल्या पाचांचे दोन ढीग करा, ओळखीचे आणि अनोळखी. एका ढिगात तीन तरी येणारच. समजा मी तिघांना ओळखतो. त्यांतले कोणी दोघं एकमेकांना ओळखत असतील तर ते दोघं आणि मी, झाले तिघं ओळखीचे. नाहीतर ते तिघंच एकमेकांना अनोळखी. दुसऱ्या बाजूनेही हेच. कागदसुद्धा लागत नाही. दुपारी पायरीवर तीन अनोळखी शोधायला वेळ लागला नसता. चार वाजता एकही अनोळखी जोडी उरली नव्हती.

माझं नाव पुढच्या यादीत आलं नाही. पण साताऱ्याच्या मुलाने पत्ता दिला होता. पुढची दोन वर्षं आंतरदेशीय पत्रातून आम्ही एकमेकांना गणितं घालत होतो. बाहेरच्या घडीवर, जिथे लिहायला परवानगी नसते, तिथे पुढच्या गणिताची आकृती. पोस्टमन दर वेळी कुतूहलाने विचारायचा. दुनियेत अजून कोणीतरी रात्री अकरा वाजता हेच करत बसलंय, हे कळण्याची किंमत काय असते ते सांगता येत नाही. मी इंजिनिअरिंगला गेलो, कोड लिहून पोट भरतो, त्याचा धागा मला त्या पायरीपर्यंत नेता येतो.

आणि आमच्या वर्गातली ती मुलगी? सरांनी तो पेपर जालन्याला आणला आणि तिला रिकाम्या वर्गात घड्याळ लावून सोडवायला दिला. तिची साडेतीन गणितं सुटली, माझ्यापेक्षा एक जास्त. सरांनी लाल पेनाने मार्क दिले, खाली सही केली. त्या कागदाला कुठेच किंमत नव्हती. फिलिपा फॉसेटची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो कागद आठवला. फॉसेटचं नाव निदान सिनेट हाउसमध्ये वाचलं तरी गेलं. शिवाय मार्क सोडून द्या, तिला ती पायरी मिळाली नाही, ती सहा माणसं मिळाली नाहीत. त्या सहांत आमच्या गावची ती असायला हवी होती.

साताऱ्याहून परत पाठवलेल्या त्या कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे. एक अंगाने लहान म्हणून दारातून परत फिरलेला, दुसरा समुद्रापलीकडे जाऊन पहिला आलेला. परीक्षेपर्यंत पोचणं हीच अर्धी परीक्षा असते, हे या दोघांना कोणी शिकवायची गरज नसावी.

आता परिस्थिती पुष्कळ बदललीय. २०२३ च्या डिसेंबरात जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत नेली. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो. २०१२ पासून मुलींचं वेगळं युरोपीय ऑलिंपियाड भरतं (पहिलं कुठे? केंब्रिजलाच!) आणि तिथे भारताचा मुलींचा संघही जातो. २०२४ मध्ये आपला संघ बाथच्या ऑलिंपियाडमध्ये चौथा आला, आजवरचा सगळ्यात वरचा क्रमांक. आणि २०२५ मध्ये तर एआयने सहापैकी पाच गणितं सोडवून ४२ पैकी ३५ मार्क मिळवले, म्हणजे सुवर्णपदकाच्या लायकीचे. आमच्या ऑफिसात त्यावर दिवसभर चर्चा चालली होती, आता या स्पर्धांचं काय होणार? मला विचाराल तर मशीनने घेतले ते नऊ तास. उरलेले २३१ पोरांचेच आहेत. दशम्या कोणी मशीनबरोबर वाटून खात नाही.

तर शेवटी एक विनंती. आपल्यापैकी बरेच जण अशाच कुठल्या तरी जालन्याहून, परभणीहून, वाशीमहून आलेले आहेत. एकदा आपल्या जुन्या शाळेत फोन करा. गणिताच्या सरांना किंवा बाईंना विचारा, यंदा कोणी स्पर्धेला बसणारं आहे का. असेल तर तिकिटं काढून द्या, परीक्षेच्या आदल्या रात्री घरी उतरवून घ्या. आणि मुलगी असेल तर तिकिटं दोन नकोत, तीन काढा. तिसरं तिच्या आईचं.